विल्टेनबर्गांची लाइन

माझा नवरा बस चालवतो, हे वाईला सासूबाईंना अजून कुणी सांगितलेलं नाही. त्यांच्या लेखी अजित स्खिपोल विमानतळाजवळ, बाडहूव्हडॉर्पमध्ये, मालवाहतुकीचं सॉफ्टवेअर लिहितो. म्हणजे, लिहीत होता. गेल्याच्या गेल्या वर्षी कंपनीने अख्खी टीम घरी पाठवली. पन्नाशीच्या माणसाला नोकरी नाकारताना इथले डच लोकही आपल्यासारखेच गोड हसतात आणि 'कळवतो' म्हणतात. कित्येक महिने अजित सोफ्यावर पडून होता. सकाळी मी झुइडास भागातल्या बँकेत जायला निघताना ज्या कुशीवर असे, त्याच कुशीवर संध्याकाळी सापडे. भांडून झालं, समजावून झालं, अबोला धरून झाला. आमची संहिता बापाच्या उशाशी मुकाट्याने चहा ठेवायची आणि वर आपल्या खोलीत निघून जायची.

त्याला उठवलं ते हेंकने. हेंक म्हणजे आमच्या कालव्यापलीकडचा निवृत्त शाळामास्तर आणि ऑस्टरव्हीन गावाच्या ब्यूर्टबस मंडळाचा अध्यक्ष. ब्यूर्टबस म्हणजे गावकऱ्यांनीच चालवायची बस. ज्या रस्त्यावर मोठी बस पळवणं कंपनीला परवडत नाही, तिथे ती आठ प्रवाशांची एक व्हॅन देते आणि गावाला सांगते, चालक तुमचे तुम्ही शोधा. चालकांना पगार नाही. वर्षातून एकदा जेवण आणि नाताळात केकचा डबा. हेंक दारात उभा राहून म्हणाला, "अजित, तुझ्याकडे लायसन्स आहे, वेळ आहे आणि तू चिडत नाहीस. हे सगळं एकत्र असलेला माणूस आमच्या मंडळात नाही."

"आता फुकट हमाली करायची का?" मी आतून ओरडले. मराठीत, अर्थातच. पण अजित उठला, त्याने दाढी केली, आणि पुढच्याच महिन्यात तो निळं जॅकेट घालून आल्फेन स्टेशन ते ऑस्टरव्हीन अशा फेऱ्या मारू लागला. आमच्या जेवणाच्या टेबलावर पुन्हा माणसाचा आवाज येऊ लागला. म्हणून त्या व्हॅनबद्दल मला माया आहे. पुढे जे झालं त्यात मी जे काही बोलले, ते या मायेपोटी बोलले, हे आधीच सांगून ठेवते.

टेबलावर सगळ्यात जास्त नाव निघायचं ते विल्टेनबर्गआजींचं. वय पंच्याऐंशीच्या पुढे, पाठ ताठ, पांढऱ्या केसांचा घट्ट बुचडा. बांधावरच्या पिवळ्या विटांच्या घरात त्या एकट्या राहत. नवरा त्या घरात वारला, मुलगी मार्यन त्या घरात जन्मली, आणि त्या स्वतःही तिथेच जन्मल्या होत्या. व्हॅनमध्ये त्या नेहमी चालकाशेजारच्या सीटवर बसत. दुसरं कुणी तिथे बसलं असेल तर नुसत्या बघत राहत, मग तो माणूस आपसूक मागे जाई. ही सीट आपली आहे असं त्यांना वाटायचं, आणि त्यात तथ्यही होतं. ही लाइन त्यांच्या वडिलांनी सुरू केली होती, आणि लग्नानंतरही गाव त्यांना वडिलांच्याच आडनावाने ओळखे.

वडील कोर्नेलिस विल्टेनबर्ग दुधाचा ट्रक चालवायचे. शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट. दुधाचे कॅन उतरले की ट्रकवर दोन बाकं टाकायचे आणि बाजाराला निघालेल्या बायका, त्यांच्या कोंबड्या, लोण्याच्या टोपल्या, सगळं आल्फेनला पोचवायचे. तेव्हा या मुलखात ज्याच्याकडे इंजिन तो बसमालक. एकेका गावाला दोन-दोन, तीन-तीन कंपन्या, सगळ्या घरगुती. बाप चालवणार, मुलगा तिकिटं फाडणार, आई हिशेब बघणार. एकमेकांना ओव्हरटेक करून पॅसेंजर उचलायचे आणि स्टॉपवर मारामाऱ्या करायच्या. लोक त्यांना 'रानटी बस' म्हणत. हे ऐकल्यावर अजित स्टिअरिंगवर हात मारून ओरडला, "म्हणजे वडाप!" आमच्या साताऱ्याकडे जीपमध्ये माणसं कोंबून नेतात त्या वडापची गोष्ट सांगायला त्याला आल्फेनपर्यंतचा रस्ता पुरला नाही. तेव्हापासून आजीसुद्धा त्या काळाला 'वाताप' म्हणू लागल्या.

मग सरकारने परवाने आणले आणि वडापवाले एकेक करून बसले. कोर्नेलिसना परवाना मिळाला. युद्धात जर्मनांनी त्यांची एक बस नेली. दुसरी त्यांनी गवताच्या गंजीखाली लपवली, आणि पेट्रोल मिळेना तेव्हा मागे शेगडी जोडून लाकडाच्या वायूवर चालवली. युद्धानंतर चांगले दिवस आले. पाच बस झाल्या, बाजूला सोनेरी अक्षरांत आडनाव आलं, आणि सोळाव्या वर्षी आजी तिकिटांची चामडी पिशवी गळ्यात अडकवून कामाला लागल्या. पुढे घरोघर मोटारी आल्या. शेजारच्या दोन घरगुती कंपन्या एक झाल्या, त्यांनी विल्टेनबर्गांना विकत घेतलं, त्यांना एका मोठ्या प्रांतिक कंपनीने गिळलं. बस पिवळ्या झाल्या. मग तीही कंपनी विकली गेली, निविदांचा काळ आला, दर निविदेला नवा रंग, नवं नाव आणि एक-दोन फेऱ्या कमी. शेवटी मोठी बसच गेली आणि ही व्हॅन आली. "सासरं बदलत गेली, पोरगी तीच," असं अजित म्हणायचा. रस्ता खरंच तोच होता. चर्च, बांध, दफनभूमी, गिरणी, स्टेशन.

एक गोष्ट आजी पुन्हा पुन्हा सांगत. वडिलांच्या काळी बस भरली की चालक काच खाली करून स्टॉपवरच्यांना सांगायचा, "इक कोम." मी येतो. मग भरलेली बस रिकामी करून तो उलट यायचा आणि उरलेल्यांना घेऊन जायचा. धुकं असो, बर्फ असो, शेवटची फेरी असो. एकदा एक चालक असं सांगून गेला आणि आलाच नाही. कोर्नेलिसनी त्याला दुसऱ्या दिवशी कामावर घेतलं नाही, आणि तो त्यांचा सख्खा मेहुणा होता. "म्हणून आमच्या स्टॉपवरून कुणी घरी निघून जायचं नाही," आजी म्हणायच्या. "चालक बोलला म्हणजे बोलला."

फेब्रुवारीत तो बर्फ पडला. पडला, थोडा वितळला आणि पुन्हा गोठला, तेव्हा रस्त्यावर नुसती काच झाली. सायकली बंद. एरवी सायकलवरून जाणाऱ्या शाळेच्या मुली त्या संध्याकाळी झाडून सगळ्या अजितच्या व्हॅनमध्ये. गावाकडे जाणारी शेवटची फेरी, आठही सीट भरलेल्या. दफनभूमीच्या स्टॉपवर विल्टेनबर्गआजी उभ्या होत्या. नवऱ्याच्या थडग्यावर फुलं ठेवायला दुपारी गेल्या होत्या.

व्हॅनमध्ये उभं राहून जाता येत नाही. नववा माणूस घेतला तर विमा नाही, आणि त्या बर्फात विमा नसलेली गाडी चालवायची म्हणजे मागच्या पोरींच्या जिवाशी खेळ. अजितने दार उघडलं, हात जोडल्यासारखं केलं. आजींनीच त्याला सोडवलं. "पोरींना घरी ने," त्या म्हणाल्या. "मी केसला फोन करते, तो येईल मोटार घेऊन." केस म्हणजे त्यांचा शेजारी. अजितला हायसं वाटलं. दार बंद करता करता त्याने आजींचा निरोप घेतला, मुलींना सोडलं, व्हॅन चर्चमागच्या शेडमध्ये लावली आणि घरी येऊन वरणभात जेवला.

आजी एका शेतकऱ्याला सापडल्या. ट्रॅक्टरवरून जाताना त्याला स्टॉपपाशी काहीतरी पडलेलं दिसलं. पाय गारठू नयेत म्हणून त्या बहुधा येरझाऱ्या घालत असाव्यात. घसरल्या, खुबा मोडला आणि तशाच पडून राहिल्या. फोन कोटाच्या आतल्या खिशात होता. केसला त्यांनी फोन केलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी हेंक आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता. ऑपरेशन झालंय म्हणाला, वाचतील. पण मार्यन म्हणते, आता आईला त्या घरात एकटं ठेवणं शक्य नाही. मार्यन लायडस्खेनडामला राहते. तिच्या घराजवळच्या वृद्धाश्रमात एक खोली रिकामी झाली आहे आणि तिने लवकर होकार द्यायचा आहे.

"खुबा मोडला म्हणून लगेच आश्रम?" मी विचारलं.

"खुब्यामुळे नाही," हेंक म्हणाला आणि त्याने कपाळाला बोट लावलं. "त्या सारखं एकच सांगतायत, चालक येतो म्हणाला होता. शेवटची फेरी होऊन गेलेली, अंधार पडलेला, खिशात फोन, आणि ह्या उभ्या. मार्यनला वाटतंय की त्या वडिलांच्या काळात गेल्या. डॉक्टर पुढच्या आठवड्यात स्मरणशक्तीची तपासणी करणार आहेत. अजित, तू मनाला लावून घेऊ नकोस. गाडी भरलेली होती, तू नियमाने वागलास. कंपनीलाही मी तसंच कळवलंय."

त्या रात्रीच्या जेवणाला अजितने पोळीचा एकच तुकडा बराच वेळ हातात धरून ठेवला होता. "पण त्या तर केसला फोन करणार होत्या," तो म्हणाला. "मी नुसतं, आपण म्हणतो तसं, 'येतो हं' म्हटलं आणि निघालो."

संहिताने मान वर केली. ती मराठी सगळं समजते, उत्तर मात्र तिच्या मनाला येईल त्या भाषेत देते. "बाबा, व्हॉट डिड यू से एक्झॅक्टली? इन डच?"

"इक कोम, होर."

संहिताने चमचा खाली ठेवला. "दॅट्स नॉट बाय, बाबा. दॅट मीन्स यू आर कमिंग बॅक. टू गेट हर."

आम्हा दोघांना एकदमच कळलं. घरातून निघताना 'जातो' म्हणायचं नाही, हे आपल्या हाडीमांसी खिळलेलं असतं. वाईला अजित लहानपणी चुकून 'जातो' म्हणाला की सासूबाई त्याला उंबऱ्यातून परत बोलवत, हातावर साखर ठेवत आणि 'येतो म्हण' म्हणून दटावत. एरवी व्हॅनमधून उतरणाऱ्यांना तो व्यवस्थित 'तोत झीन्स', म्हणजे 'पुन्हा भेटू', म्हणतो. पण त्या दिवशी बर्फ होता, घाई होती, म्हातारीला स्टॉपवर सोडून जायची शरम होती. तोंडातून आलं ते आईने शिकवलेलं 'येतो हं', आणि ते आलं शब्दाला शब्द डचमध्ये. आपला 'हं' आणि त्यांचा 'होर' तर जुळे भाऊ. आजींनी ऐकलं ते, चालकाने काच खाली करून दिलेलं वचन. म्हणून त्यांनी फोन खिशात ठेवला आणि वाट बघितली. त्यांचं डोकं शंभर टक्के ठिकाणावर होतं.

"उद्या जाऊन सांगतो," अजित म्हणाला.

"काही सांगायचं नाही," मी म्हणाले.

संहिता उठून वर गेली, आणि मग आमचं जे भांडण झालं तसं सोफ्याच्या दिवसांतही झालं नव्हतं. मी त्याला म्हटलं, तक्रार आलेल्या चालकाला चौकशी होईपर्यंत गाडी देत नाहीत. नऊ चालक उरलेत. आणखी एक जरी कमी झाला तरी टाइमटेबल भरणार नाही, हे हेंक गेल्याच महिन्यात सांगून गेला. फेऱ्या रद्द व्हायला लागल्या की उन्हाळ्यात कंपनी लाइन बंद करणार, त्यांना निमित्तच हवंय. "एका शब्दापायी गावाची बस घालवणार तू?"

"आणि त्यांचं घर?" अजित म्हणाला. "त्यांना वेडं ठरवून घरातून काढतायत, मंजूषा. माझ्या एका शब्दामुळे."

"त्या वयाच्या बाईला एक ना एक दिवस घर सोडायचंच होतं."

मी असं म्हणाले. निर्दय वाटतं, मला माहीत आहे. पण मी त्या माणसाला सोफ्यावर बघितलं होतं, तुम्ही नव्हतं बघितलं. त्याच्याकडून ती व्हॅन काढून घेतली की तो परत त्याच कुशीवर जाऊन पडेल, याची मला भीती होती. आजींची कीव येत होती तरी ही भीती तिच्याहून मोठी होती. आजही कुणी मला शपथेवर विचारलं तर मी हेच सांगेन.

अजितने ऐकलं नाही. संहिताला समोर बसवून त्याने सगळं डचमध्ये बोलायची तालीम केली. क्रियापदं चुकली की ती टोकायची आणि तो पहिल्यापासून सुरू करायचा. शनिवारी तो निघाला तेव्हा मीही कोट चढवला. एकटा गेला तर हा भोळा सांब काय काय कबूल करून बसेल, कुणी सांगावं.

आजींना पुनर्वसन केंद्रात हलवलं होतं. उशीला टेकून बसल्या होत्या. पांढरा बुचडा सुटलेला, त्यामुळे एकदम लहान दिसत होत्या. शेजारी मार्यन. साठीची असेल, चेहऱ्यावर जागरणं. तिने आम्हाला खुर्च्या दिल्या, कॉफी दिली, आणि कॉफीबरोबर एकेक बिस्किट. अजितने कप तसाच बाजूला ठेवला आणि उभा राहून बोलला. शाळेत कविता म्हणून दाखवतात तसा. आमच्या भाषेत निघताना 'मी जातो' म्हणत नाहीत, 'मी येतो' म्हणतात. मी तेच डचमध्ये बोललो. तुमच्या आई बरोबर सांगतायत. मीच त्यांना थांबायला सांगितलं. त्यांचं काही चुकलेलं नाही, चूक माझी आहे.

मार्यनने कप खाली ठेवला. ती आईकडे वळली. "मम्मा? असं म्हणाला हा?"

आजींनी अजितलाच विचारलं, "किती चालक आहात आता?"

"नऊ," तो म्हणाला.

"तू धरून?"

"हो."

"आणि तू नसलास तर?"

अजितने बाजूला ठेवलेला कप उचलला. तो बोललाच नसता. बोलले मी. इतके दिवस आतल्या आत धुमसत होते, आणि माझ्या मोडक्या डचमध्येही राग नीट कळतो. मी म्हणाले, "तर फेऱ्या भरणार नाहीत. उन्हाळ्यात लाइन बंद होईल. पण आमचे हे सत्यवादी हरिश्चंद्र, यांना त्याचं काय?" हरिश्चंद्र मराठीतच राहिला. बाकीचं पोचलं.

आजी माझ्याकडे बघू लागल्या. त्यांचे डोळे अगदी फिकट निळे आहेत हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. त्यांनी ब्लँकेटची कड सारखी केली, एकदा, दोनदा.

"नाही गं," त्या मार्यनला म्हणाल्या. "हा तोत झीन्स म्हणाला. नेहमी म्हणतो तसा. मलाच वाटलं, पप्पा येतील."

"मेव्हराउ," अजित पुढे झाला. "तसं नाही. मी इक कोम म्हणालो. तुम्हाला आठवतंय."

"मला काही आठवत नाही," आजी म्हणाल्या.

मार्यनच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने उठून अजितचे दोन्ही हात हातात घेतले. "तुम्ही फार चांगले आहात," ती म्हणाली. "पण माझी समजूत काढायला स्वतःवर आळ घेऊ नका. मला हे स्वीकारायलाच हवं." अजितने पुन्हा सांगायचा प्रयत्न केला. पाठ केलेलं संपलं होतं, क्रियापदं भलतीकडे जाऊ लागली, आणि तो जितका अडखळला तितका मार्यनला जास्त भला माणूस वाटत गेला. आजी खिडकीबाहेर बघत होत्या.

"लायडस्खेनडामच्या त्या खोलीतून काय दिसतं?" त्यांनी मध्येच विचारलं.

"बाग दिसते, मम्मा. आणि कोपऱ्यावर ट्रॅम आहे."

"ट्रॅम," आजी म्हणाल्या. बसवाल्यांच्या घरची लेक ट्रॅमबद्दल ज्या सुरात बोलेल त्या सुरात. मग म्हणाल्या, "बरं. त्यांना हो म्हणून सांग."

निघताना अजित त्यांच्या पलंगापाशी थांबला. निरोपाला काय म्हणावं हे त्याला सुचेना. तोंड उघडून त्याने तसंच मिटलं आणि नुसती मान खाली केली. आजींनी त्याच्या बाहीला धरून त्याला खाली ओढलं आणि हळू विचारलं, "सोमवारी सकाळी कोण आहे?"

"मीच."

"गिरणीपाशी वळणावर सकाळचा बर्फ राहतो. तिथे ब्रेक मारू नकोस."

पार्किंगमध्ये आम्ही गाडीत बसून राहिलो. अजितने चावी लावली नाही. मला रडू फुटलं, आणि मी रडले की मला आधी राग येतो. "परत जा," मी त्याला म्हटलं. "जा आणि त्या मुलीला सांग की तुझी आई खोटं बोलतेय. माझं ऐकून खोटं बोलतेय. मी कशाला तोंड उघडलं? सांग तिला, हेंकलाही घेऊन जा."

"काय सांगू?" अजित म्हणाला. "त्यांनी चालक मोजले, लाइन मोजली, घर मोजलं आणि ठरवलं. पूर्ण शुद्धीत ठरवलं, आपल्या डोळ्यांदेखत. आता मी मार्यनला जाऊन सांगू, तुझ्या आईच्या बोलण्याकडे लक्ष देऊ नकोस? तेच तर सगळे म्हणतायत."

त्याला सोफ्यावरून वाचवायला मी निघाले होते. तो वाचला होता, आणि मला तोंड दाखवायला जागा नव्हती.

तपासणी बुधवारी झाली. संध्याकाळी मार्यनचा फोन आला. अजित फेरीवर निघायच्या तयारीत होता, म्हणून त्याने फोन स्पीकरवर टाकला आणि बुटाच्या नाड्या बांधायला घेतल्या. डॉक्टरांनी आईला वार विचारला, ती सांगू शकली नाही. महिना सांगू शकली नाही. घड्याळ काढायला सांगितलं, तर कागद कोराच परत दिला. वडिलांचं नाव विचारलं तेव्हा खूप वेळ विचार केला आणि म्हणाली, विसरले.

मार्यन फोनवर हुंदके देत होती. इतक्या लवकर इतकं होईल असं वाटलं नव्हतं, म्हणाली. अजितच्या हातात नाडी तशीच राहिली होती. मी त्याच्याकडे बघत होते, तो जमिनीकडे.

"हो," तो शेवटी म्हणाला. "या वयात होतं असं. तुम्ही बरोबर केलंत." त्याचं एकही क्रियापद चुकलं नाही. मग त्याने दुसरी नाडी बांधली, जॅकेटची चेन वर ओढली आणि तो व्हॅन काढायला गेला.